स्टोरीवर टाकलं की न्याय मिळतो का? सीमाभागातल्या पोरांचं काय म्हणणं आहे?

मराठीच्या_बाई (धागाकर्ती)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पीयू कॉलेजात (अकरावी-बारावी) मी मराठी शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात वादविवादासाठी विषय दिला होता : 'चुकणाऱ्याला सोशल मीडियावर उघडं पाडणं योग्य की अयोग्य?' वाटलं होतं, निम्मी मुलं इकडे बसतील, निम्मी तिकडे. 'अयोग्य'च्या बाजूनं बोलायला कुणी तयारच होईना.

त्यांची कारणं उडवून लावण्यासारखी नव्हती. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पोलिसांत गेलं की घरी कळतं. घरी कळलं की पहिलं माझं कॉलेज बंद होतं. स्टोरी टाकली तर निदान नाव त्याचं खराब होतं, माझं नाही." एक मुलगा म्हणाला, "सरांना सांगितलं तर सर दोघांनाही उभं करतात." मी विचारलं, उद्या तुमच्यावरच कुणी टाकलं तर? जरा वेळ सगळे गप्प. मग मागून आवाज आला, "मग आम्ही पण त्याचं टाकू."

माझं मत सांगते. अधिकारावर बसलेल्या माणसाचा गैरकारभार चव्हाट्यावर आणणं वेगळं आणि बरोबरीच्या पोराला चारशे लोकांसमोर हसं करणं वेगळं. मुलं दोन्हीला 'एक्स्पोज केलं' असंच म्हणतात आणि दोन्हीत त्यांना सारखंच समाधान वाटतं, याची मला काळजी वाटते. पण त्या मुलीला काय उत्तर द्यावं ते मला सुचलेलं नाही. पंचविशीच्या आतल्यांनी आवर्जून लिहा. बाकीच्यांनीही लिहा.

कुंदा_आणि_मांडे

बाई, पंचविशीच्या आतले इथं लिहायला येणार नाहीत, ते इन्स्टावर आहेत. इथं आम्ही गुडघेदुखीवाले. तरी बसतो, वाचतो.

बीकॉम_फायनल

मी आहे की! वय वीस.

तुमच्या वर्गातली ती मुलगी अगदी बरोबर बोलली. खानापूर-बेळगाव बसमध्ये एक माणूस रोज आमच्या मागं उभा राहायचा. गर्दीचा फायदा घ्यायचा, मुद्दाम चिकटायचा. कंडक्टरना सांगितलं तर म्हणाले, पुढं जाऊन उभी राहा. तक्रार द्यायला गेलो तर 'वडिलांना घेऊन उद्या या' असं सांगितलं. वडील रानात असतात, आणि त्यांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून बसच बंद झाली असती. शेवटी माझ्या मैत्रिणीनं व्हिडिओ काढला आणि टाकला. संध्याकाळपर्यंत त्याच्या गावातल्या लोकांपर्यंत पोचला. त्यानंतर तो माणूस त्या बसला कधीच दिसला नाही.

आता सांगा, कुठला नियम आमच्या कामाला आला? 'वाईट आहे, करू नका' म्हणणाऱ्या मोठ्यांनी आधी दुसरा रस्ता दाखवावा.

अनगोळकर

बरोबर केलंस पोरी. मी असतो तर दोन ठेवूनच दिल्या असत्या.

निवृत्त_मास्तर

@बीकॉम_फायनल, तुमच्या मैत्रिणीनं धीर दाखवला, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण बाईंच्या प्रश्नाबद्दल थोडं मागचं सांगतो.

चारचौघांत लाज काढणं आपल्याकडे नवीन नाही. गाढवावरून धिंड काढायचे, तोंडाला काळं फासायचे, वाळीत टाकायचे. वाळीत टाकलेल्या घराला पाणी नाही, विस्तव नाही, लग्नकार्याचं बोलावणं नाही. महाराष्ट्राला त्यावर २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, म्हणजे रोग किती मुरलेला होता बघा. मोबाईलनं ही वृत्ती जन्माला घातली नाही.

फरक एवढाच की चावडीवरच्या माणसांना तो माणूस पुरता ठाऊक असायचा. त्याचा बाप कसा होता, दुष्काळात त्यानं कुणाला धान्य दिलं, हेही लोकांच्या लक्षात असायचं. त्यामुळं चार महिन्यांनी कुणीतरी मध्ये पडून त्याला परत पंगतीत बसवायचं. फोनवर बघणाऱ्याला त्या माणसाची वीस सेकंदं तेवढी ठाऊक.

मलप्रभा

मास्तर, मान ठेवून सांगते, हे पटलं नाही. गावाला माणूस ठाऊक असतो म्हणून गाव दयाळू असतं, असं नाही हो.

डिसेंबर २०२३. आपल्याच बेळगाव तालुक्यात, न्यू वंटमुरीत, मुलगा पळून गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं. बांधणारे अनोळखी नव्हते आणि बघणारेही नव्हते. गावाला ती बाई पुरती ठाऊक होती. कर्नाटक उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि नुसतं बघत उभं राहणाऱ्यांनाही जबाबदार धरायला हवं असं स्पष्ट म्हटलं. तिला भेटायला दवाखान्यात जाणाऱ्यांवरसुद्धा न्यायालयालाच निर्बंध घालावे लागले. सहानुभूती म्हणून येणारी गर्दीही माणसाला पुन्हा उघडं करते.

मला त्या 'बघणाऱ्यां'चं जास्त वाटतं. कमेंटमध्ये हसणारा इमोजी टाकणारी पोरं आपल्याला त्यात धरतच नाहीत. 'मी कुठं टाकलंय, मी फक्त बघितलं.' बाई, तुमच्या वर्गात टाकणारे दोन-तीनच असतील. बाकीच्या साठ जणांशी बोला.

निवृत्त_मास्तर

@मलप्रभा, आपलं म्हणणं मान्य. वंटमुरी मला आठवायला हवं होतं. चावडीचं मी फारच गोड चित्र रंगवलं.

निपाणीवाला

एक प्रकार राहिला : माफीचा व्हिडिओ.

पोरगं स्टेटसला काहीतरी ठेवतं. कधी खरंच वाईट असतं, कधी अर्थ न कळता पुढं ढकललेलं असतं. तासाभरात स्क्रीनशॉट फिरतो. पंधरा-वीस जण घरी येतात, पोराला बाहेर काढतात, हात जोडायला लावतात, 'परत असं करणार नाही' म्हणून घेतात आणि तोच व्हिडिओ वाजतगाजत फिरवतात. कधी धर्मावरून, कधी महापुरुषांवरून, कधी भाषेवरून. मराठी पोराकडून कन्नडवाले घेतात, कन्नड पोराकडून मराठीवाले घेतात. जून २०२३ मध्ये कोल्हापूर स्टेटसवरूनच पेटलं होतं. निपाणीहून कोल्हापूर ते किती लांब! इथल्या आईबापांनी तेव्हा पोरांचे फोन काढून घेतले होते.

आमच्या गल्लीतल्या एका पोराचा असा व्हिडिओ आहे. अकरावीत होता तेव्हाचा. आता पुण्यात कंपनीत लागलाय, कामाला चोख आहे. तिथल्या कुणाच्या तरी हाती तो लागला आणि कॅन्टीनमध्ये दाखवला गेला. आईला फोन करून रडला. सोळाव्या वर्षी केलेल्या गोष्टीची शिक्षा तेविसाव्या वर्षी परत का? खून केलेला माणूससुद्धा शिक्षा भोगून बाहेर येतो.

सीमाकवी

ते सगळं ठीक, पण आपल्यावर अन्याय होतो तो दाखवायचाच नाही का? १९५६ पासून आपण अर्ज करतोय. सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा २००४ चा, अजून पडून आहे. ऑफिसात मराठीत कागद मागितला की खेकसतात. व्हिडिओ काढला नाही तर मुंबईला कळणार कसं? पोरांच्या हातातलं एवढं एकच हत्यार तुम्ही काढून घ्यायला निघालाय.

बीकॉम_फायनल

+१

टिळकवाडी_सेकंड_गेट

@सीमाकवी, मीही मराठी शाळेतच शिकलो, तुमचा राग मला परका नाही. पण २०२५ हे एकच वर्ष डोळ्यांसमोर आणा.

फेब्रुवारीत आपल्या भागात बसमधल्या भाषेच्या वादात कंडक्टरना मारहाण झाली. व्हिडिओ दोन्हीकडे फिरले, दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस थांबल्या. कोल्हापूरला दवाखान्यात जाणारे पेशंट स्टँडवर ताटकळले. मे महिन्यात बेंगळुरूजवळ एका बँक मॅनेजर बाईंचा 'कन्नड बोलणार नाही' म्हणतानाचा व्हिडिओ आला आणि बदली झाली. आपल्या ग्रुपवर लोक हळहळले : बिचारी, परक्या राज्यात नोकरी करतेय. आणि पावसाळ्यात मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला थोबाडीत मारल्याचा व्हिडिओ आला, तेव्हा त्याच ग्रुपवर टाळ्या!

आपण सीमाभागातली माणसं. दोन्ही बाजूंना उभं राहून बघण्याची वेळ आपल्यावर येते. बेळगावात ज्याला कॅमेऱ्यासमोर 'कन्नड गोत्तिल्ला' (कन्नड येत नाही) म्हणायची भीती वाटते, त्यालाच मीरा रोडच्या दुकानदाराचं मन कळायला हवं. इतरांपेक्षा आपल्याकडून ही अपेक्षा जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि अन्याय दाखवायचा तर तो कन्नडमधला फॉर्म दाखवा, बोर्ड दाखवा, नाकारलेला अर्ज दाखवा. काउंटरवरच्या क्लार्कचा चेहरा कशाला? नियम त्यानं केलेला नाही. संध्याकाळी त्यालाही मुलांना ट्यूशनहून आणायला त्याच रस्त्यानं जायचं असतं.

सीमाकवी

क्लार्क उद्धट वागला तर? नियम त्यानं केला नाही, पण उद्धटपणा त्याचाच ना? यावर माझं मत बदललेलं नाही.

घरची_सून

तुमची चर्चा मोठी मोठी चाललीय, मी घरातलं सांगते. भाचीच्या शाळेत राज्योत्सवाला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाला, कन्नडमधून भाषण होतं. ही मराठी माध्यमाची, तरी हौसेनं नाव दिलं. दोन ठिकाणी उच्चार चुकला, एक ओळ विसरली, मग परत पहिल्यापासून सुरू केलं. कुणीतरी तेवढंच कापून, वर गाणं लावून एका पेजवर टाकलं. टाकणारा कन्नड नव्हता बरं का, आमच्यातलाच होता. 'एवढी काय गरज होती कन्नड बोलायची' म्हणून.

पोर शाळेला जाईना. पोटात दुखतं म्हणायची. खरं कारण कळायलाच आठवडा गेला. आणि तो व्हिडिओ उतरवला कुणी? तिच्या वर्गातल्या कन्नड मुलींनी. सगळ्यांनी मिळून रिपोर्ट केलं आणि त्या पेजवाल्याला मेसेज करकरून बेजार केलं. आता ती परत बोलते कन्नड, पण स्टेजवर जात नाही. तेवढं अजून बाकी आहे.

कुंदा_आणि_मांडे

भाचीला सांगा, स्टेजवर सगळी ओळच विसरून नुसता हात हलवून खाली येणारे पुढारी आम्ही बघितलेत, आणि ते निवडूनही येतात. तिनं तर परत पहिल्यापासून म्हटलं! शाब्बास तिची. आमच्याकडून कुंदा.

देसूर_ते_व्हीटीयू

इंजिनिअरिंगला आहे. पेजेस कशी चालतात ते मोठ्यांना बहुतेक माहीत नाही, म्हणून लिहितो.

कॉलेजच्या नावानं 'कन्फेशन' पेज असतं. कॉलेजचा त्याच्याशी काही संबंध नसतो. बायोमध्ये गूगल फॉर्म. त्यात कुणीही काहीही लिहायचं, नाव लागत नाही. ॲडमिन कोण ते कळत नाही, दर वर्षी बदलतो. सुरुवात गोड असते : 'सेकंड इयरची निळ्या ड्रेसवाली'. पण गोड पोस्टला लाईक कमी. कुणाची लफडी, कुणाचे मार्क, कुणाची जात काढली की कमेंट पडतात, आणि कमेंट पडल्या की पेज आणखी लोकांना दिसतं. त्यामुळं साधा ॲडमिनही महिन्याभरात तिकडं सरकतो. त्याला दुष्ट असावं लागत नाही.

स्टोरी २४ तासांत जाते हा गैरसमज. पहिल्या तासातच कुणीतरी स्क्रीन रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपला टाकतो, आणि तिथं ते मावशी-काकांपर्यंत जातं. २०१८ ला अफवांवरून धुळे जिल्ह्यात रैनपाड्याला पाच जणांना जमावानं मारलं, आपल्या बिदर जिल्ह्यात मुरकीलाही एकाचा जीव गेला. त्या सुमारास व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड असा नियम केला. पण पाच जणांना म्हणजे पाच ग्रुपलाही चालतं, आणि आमच्या एका ग्रुपात अख्खं गाव असतं.

@मराठीच्या_बाई, 'आम्ही पण त्याचं टाकू' हे मला रोज ऐकू येतं. प्रत्येकाच्या फोनमध्ये प्रत्येकाचे जुने स्क्रीनशॉट साठवलेले असतात. दोस्ती असतानाच घेऊन ठेवतात, भांडण झालं तर लागतील म्हणून. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खुपतं. मित्राशी बोलताना पण मोजून बोलायचं.

अनगोळकर

दोस्ती असताना स्क्रीनशॉट?? काय करूलालाय मर्दा ही पोरं!

पहाटेची_घंटागाडी

पोरांनाच का धरताय? आमच्या गल्लीच्या ग्रुपमध्ये सगळे पन्नाशीचे. कोपऱ्यावर कचरा टाकणाऱ्यांचे सीसीटीव्हीतले फोटो ग्रुपला टाकायचे असं ठरलं. मीही हो म्हटलं होतं, कारण त्या कोपऱ्यावर नाक धरून जावं लागायचं. पहिलाच फोटो आला तो एका म्हातारीचा. खाली 'लाज वाटते का', 'रेशन बंद करा', काय काय लिहिलं. नंतर कळलं की गाडी येते तेव्हा ती दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला गेलेली असते. गाडीची वेळ बदलायला अर्ज केला असता तर काम झालं असतं. नंतर केला, आणि झालंच.

त्या आजींची माफी ग्रुपवर कुणी मागितली नाही. घरी जाऊन दोघीतिघींनी मागितली.

निपाणीवाला

हे नेहमीचं. बदनामी ग्रुपवर, माफी घरात.

वकील_कॅम्प

उशिरा आलो. कायद्यापुरतं लिहितो, कारण वर दोन-तीन ठिकाणी त्याची गरज दिसली.

ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून शिक्षा देणारं आयटी कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. पोलीस अजून कधी त्याचं नाव घेतात, घाबरू नका. पण म्हणजे काहीही टाका असं नव्हे. बदनामी हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड होऊ शकतो. 'खरं होतं' एवढं म्हणून सुटका नाही. ते खरं असावं लागतं आणि सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. बसमधला छळ त्यात बसू शकतो. वर्गातल्या मुलीचं लफडं बसत नाही.

लहान मुलांबाबत कायदा फार कडक आहे. अठराच्या आतलं मूल अत्याचाराच्या प्रकरणात असेल तर त्याचं नाव, फोटो, शाळा, घर, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४. फॉरवर्ड करणाऱ्यालाही त्यातून अंग काढून घेता येत नाही. 'तिच्या बाजूनं टाकलं' हा बचाव नाही.

अश्लील किंवा फोटो जोडून केलेलं काही असेल तर २०२१ च्या आयटी नियमांत कंपनीला तक्रारीनंतर २४ तासांत ते उतरवायचं बंधन घातलं होतं, २०२६ च्या दुरुस्तीनं ती मुदत आणखी कमी झाली. त्यासाठी ॲपमधल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं, नुसतं 'रिपोर्ट' दाबून थांबायचं नाही. आधी पुरावा जपायचा : लिंक, अकाउंटचं नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. घाबरून स्वतःचं अकाउंट डिलीट करू नका, पुरावा जातो.

@बीकॉम_फायनल, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. ऑनलाइन छळासाठी बेळगावात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं) पोलीस ठाणं आहे. बसमधल्या प्रकरणात मात्र साधं पोलीस ठाणंच. तिथं 'उद्या या' म्हणणं चूक होतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेणं त्यांचं कर्तव्य आहे आणि वीस वर्षांच्या मुलीला वडिलांना आणायची गरज नाही. लेखी द्या आणि पोच मागा.

बीकॉम_फायनल

@वकील_कॅम्प, काका, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर! वडील लागत नाहीत हेच माहीत नव्हतं.

पण खरं सांगते, माहीत असतं तरी मी व्हिडिओ टाकलाच असता. तक्रार दिल्यावर किती महिने गेले असते? आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तीच बस पकडायची होती.

एक गोष्ट मात्र वर वाचून डोक्यात आली. त्या व्हिडिओत आमच्या मागं अजून एक मुलगी दिसते. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या घरी पोचला असेल तर तिचं कॉलेज चालू आहे की नाही, मला माहीत नाही.

मलप्रभा

विचार तिला. गाव ठाऊक आहे का?

बीकॉम_फायनल

बहुतेक जांबोटीकडची. मैत्रिणीला विचारते.

मराठीच्या_बाई (धागाकर्ती)

सगळं दोनदा वाचलं. @मलप्रभा, 'बाकीच्या साठ जणांशी बोला' हे मी उचललं. वादविवादाचा विषय बदलतेय. 'योग्य की अयोग्य' ऐवजी 'आपल्याला फॉरवर्ड आलं तर आपण काय करायचं' असा ठेवते. त्यावर प्रत्येकाला बोलावंच लागेल, कारण आलेलं प्रत्येकालाच आहे.

त्या मुलीला अजून माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. निदान पोलिसांत जायला वडील लागतातच असं नाही, एवढं सांगता येईल. तिचं वय सतरा, त्यामुळं तिच्या बाबतीत थोडं वेगळं असेल का? @वकील_कॅम्प, तुम्ही वर्गात येऊन बोलाल का? मराठीतच बोला, चारपाच कन्नड मुलं आहेत त्यांनाही समजतं.

वकील_कॅम्प

सतरा असली तर तिच्या बाजूनं कायदा उलट जास्त मजबूत आहे. अशा मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मात्र पालकांना कळवलं जातं, तिची भीती तिथं खरी आहे. त्यासाठी विश्वासातली एक मोठी व्यक्ती आधीपासून सोबत असलेली बरी. ती तुम्हीच असाल असं दिसतं.

येतो. या शनिवारी मला कोर्ट नाही. कॉलेज किती वाजता सुटतं?

मराठीच्या_बाई (धागाकर्ती)

शनिवारी साडेअकराला. साडेनऊपर्यंत आलात तर दोन तास मिळतील. बेळगावहून साडेसातची बस गाठा, नंतरची भरवशाची नाही.

सीमाकवी

मीही येऊ का? क्लार्कच्या चेहऱ्यावरून माझं मत अजून तेच आहे, पण पोरं काय म्हणतात ते ऐकायचंय.

मराठीच्या_बाई (धागाकर्ती)

या की. पण शूटिंग नाही.